डेन्मार्कची पाटी

गायकवाडबाईंच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि अर्ध्या मिनिटात मला जपान करण्यात आलं.

गेले होते भांडायला. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर आणि मी त्यांच्या बरोबर डोक्यावर. टेलिफोन खात्यातून वेळेआधी निवृत्ती घेऊन मी घरी बसले होते, ती दुपारी शांतपणे शब्दकोडं सोडवता यावं एवढ्याच माफक अपेक्षेने. आणि खालून रोज तीन ते पाच खुर्च्या सरकवल्याचे आवाज, बायकांचा हशा आणि मध्येच कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडायचं, "ब्राझील!" चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी पदर खोचून खाली उतरले. दार उघडंच होतं. आत दहा-बारा माणसं गोलात बसलेली, मध्ये उंच, काळ्यासावळ्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या बाई. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या हातात एक पुठ्ठा ठेवला. "बरं झालं आलात. एक माणूस कमी होतं. तुम्ही जपान. बसा."

मी बसले. का बसले ते आजही सांगता येणार नाही. एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत काढलेल्या बाईच्या आवाजात असं काही असतं की आपण खाली बसून मग विचार करतो. खेळ सोपा होता. मधल्या माणसाने दोन देशांची नावं घ्यायची, त्या दोघांनी उठून जागा बदलायच्या, तेवढ्यात मधल्याने एक खुर्ची पटकवायची. "विमान सुटलं!" म्हटलं की सगळ्यांनीच उठायचं. दोनदा माझी खुर्ची गेली. तिसऱ्यांदा मी एका ड्रायव्हरला कोपराने ढकलून बसले आणि बाई म्हणाल्या, "जपान चांगलं तयार झालंय." तक्रार राहिली ती राहिलीच.

त्यांनी हा वर्ग कुणी सांगितलं म्हणून सुरू केला नव्हता. ते दिवस होतेच तसे. कालपर्यंत ज्या घरांत टेलिफोनसाठी आठ-आठ वर्षं नंबर लावलेले (हे मी खात्यातली म्हणून छातीठोकपणे सांगते), त्या घरांतली पोरं संगणक शिकून भराभरा परदेशी निघाली होती. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. मुलं गेली आणि मागे राहिली त्यांची आई-बाबा मंडळी, ज्यांना आपला मुलगा कुठे आहे हे सांगताना "तिकडं, बाहेर" यापलीकडे जाता येत नव्हतं. बाईंना ते खपेना. "पोटचं पोर कुठल्या देशात आहे ते आईला नीट म्हणता येऊ नये? काय हे!" मग त्या म्हणाल्या तसं आधी देशांची नावं आणि मागून बाकीचं इंग्रजी.

त्यांचे पुठ्ठे म्हणजे लग्नपत्रिका. सोसायटीतल्या प्रत्येक घरातून लग्न उरकलं की पत्रिका बाईंकडे जमा व्हायची. जाड, गुळगुळीत, उत्तम कागद. आतल्या कोऱ्या बाजूला देशाचा झेंडा रंगवायचा आणि खाली इंग्रजीत ठळक नाव. त्यामुळे फ्रान्सच्या पाठीवर गणपती, कोरियाच्या पाठीवर बोधिवृक्षाचं पान आणि इटलीच्या मागे 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' असा मामला होता. माझं अक्षर बरं आहे हे बाईंना दुसऱ्याच दिवशी कळलं आणि नावं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी म्हटलं, "अहो, मला वेळ कुठे आहे?" त्या म्हणाल्या, "शब्दकोड्यातला थोडा द्या."

शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची. वर्गात कुजबुजायला बंदी. "चुकलात तरी चालेल, पण मोठ्याने चुका," असं म्हणायच्या. "देश लहान असेल, आवाज लहान नको." मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला बांधायच्या आणि कुणी अडखळलं की ते घड्याळ बघत शांत उभ्या राहायच्या. सांगून टाकायच्या नाहीत. समोरच्याला घाम फुटायचा, पण नाव यायचं. जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर दुसऱ्या दिवशी पंख्याखालची खुर्ची. त्या खुर्चीसाठी मी भल्याभल्या सभ्य माणसांना खोटं बोलताना पाहिलंय. पृथ्वीचा एक गोल होता, शाळेतून निवृत्त होताना मिळालेला. त्यावर सगळ्यांनी "आपण इथे" म्हणून बोट ठेवून ठेवून महाराष्ट्र पार पुसून गेला होता. पुण्याच्या जागी पांढरा पत्रा. बाई म्हणायच्या, "असू दे. पुण्याला कुणी शोधायला जात नाही, पुणं स्वतःच सांगत येतं."

झेंडे लक्षात राहीनात तेव्हा त्यांनी दुसरी युक्ती काढली. प्रत्येक देशाला ओळखीचा माणूस जोडला. जर्मनी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या सोमणांचा मंदार. ऑस्ट्रेलिया म्हणजे वाण्याची पुतणी. पुठ्ठा वर केला की आधी माणूस डोळ्यांपुढे यायचा, मग देश. झकास चाललं होतं. आणि एक दिवस मंदारने नोकरी बदलली आणि तो कॅनडाला गेला. झाला गोंधळ! पुढचे तीन आठवडे कॅनडाचा पुठ्ठा धरला की निम्मा वर्ग ओरडायचा, "जर्मनी!" बाई तरातरा सोमणांच्या दारात. "अहो सोमण, मुलाला निदान माझी उजळणी होईपर्यंत तरी थांबवायचं होतंत." सोमणांना वाटलं थट्टा आहे. ती थट्टा नव्हती.

ज्या ड्रायव्हरला मी कोपराने ढकललं तो बाळू. मूळचा मुळशीकडचा, एका कंपनीची गाडी चालवायचा, पाहुण्यांना विमानतळावरून आणायचा. आधी त्याला पाहुण्यांची भीती वाटायची. तोंड दिसलं की हा डिकी उघडून तिच्यात डोकं खुपसायचा. बाईंच्या वर्गात सहा महिने काढल्यावर एकदा दुपारी धावत आला आणि दारातूनच म्हणाला, "बाई, आज दोन कोरिया आन् एक स्वीडन सोडला. स्वीडन लई बोलका हाय!" बाईंनी वर्ग थांबवून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. असं त्यांचं सुख. फार लहानसं दिसायचं, पण ते त्या पोटभर घ्यायच्या.

विमल आली ती अशा वेळी.

विमल वर्ध्याकडची. नवरा रामभाऊ हडपसरला कारखान्यात. वीस-बावीस वर्षं पुण्यात काढूनही तिची बोली वऱ्हाडीच राहिली होती आणि आवाज इतका हलका की चहा पाहिजे का विचारलं तरी उत्तर ओठांवरून ओळखावं लागायचं. एकुलती एक मुलगी शुभांगी, जावयाबरोबर डेन्मार्कला. तिला पहिल्या खेपेचे दिवस गेले होते आणि रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी सक्त झोपून राहायला सांगितलं होतं. जावई दिवसभर कचेरीत. सासू नाही. पोरगी शेजाऱ्यांच्या फोनवर "आई, तू काळजी करू नको" म्हणायची आणि फोन ठेवायच्या आधी रडायची. रामभाऊंना रजा मिळेना. म्हणजे जायचं तर विमलने एकटीने. मुंबईहून जर्मनीला, तिथे विमान बदलायचं आणि पुढे डेन्मार्क.

रामभाऊ म्हणाले, "हे काय लावलं जी बाई? हिची स्वारगेटवर बस चुकते. बायकांची नाटकं आहेत सारी."

विमल खाली मान घालून म्हणाली, "मले भेव वाटते जी. पण पोरगी एकटी हाय ना थे."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. "सात आठवडे आहेत. मी पाठवते तिला." रामभाऊंना उद्देशून म्हणाल्या, "माझी जबाबदारी."

मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये विमानतळ उभा राहिला. चार प्लास्टिकच्या खुर्च्या, वाळत घालायच्या दोरीने केलेली रांग, बांगड्या आणि किल्ल्या काढून ठेवायला माझ्या घरची परात. सामान तपासायला आमचा वॉचमन, ज्याला हे काम इतकं आवडलं की तो खऱ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्याही पिशव्या उघडायला लागला. आणि पासपोर्ट बघणारी खडूस अधिकारी म्हणून मी. बाई म्हणाल्या, "तुम्हाला वेगळा अभिनय करावा लागणार नाही."

मी टेबलामागे बसून चष्म्यावरून बघत विचारायची, "व्हेअर आर यू फ्रॉम? व्हेअर आर यू गोइंग? व्हाय?" पहिल्या दिवशी विमलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी कचरले. बाई मागून ओरडल्या, "थांबू नका! इथे रडून घेऊ दे. तिथे रडायला वेळ नसतो." दुसऱ्या आठवड्यात विमलला "इंडिया" म्हणता आलं. चौथ्या आठवड्यात "माय डॉटर. बेबी कमिंग." सहाव्या आठवड्यात एक दिवस मी मुद्दाम तिचा पासपोर्ट लपवून ठेवला, तर ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "गिव्ह! माय पासपोर्ट!" अख्खं पार्किंग हसलं. हसली नाही ती फक्त विमल. ती स्वतःच्या आवाजाकडे बघत राहिल्यासारखी उभी होती.

खेळाचा शेवट ठरलेला. तीन खांबांना तीन पाट्या, माझ्याच अक्षरात: जर्मनी, फ्रान्स, डेन्मार्क. विमलने बॅग ओढत बरोबर डेन्मार्कच्या खांबाशी जायचं. ती कधी चुकली नाही. डेन्मार्कचा पुठ्ठा, लाल झेंडा आणि त्यावर पांढरा क्रॉस, बाईंनी तिला कायमचा देऊन टाकला. तो तिने पर्समध्ये पासपोर्टच्या शेजारी ठेवला.

बाळूने तिला गाडीने मुंबईला नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी आपल्या घड्याळाने दुपारी अडीच-तीनपर्यंत ती पोचायला हवी होती. पोचल्यावर फोन बाईंच्या घरी करायचा असं ठरलं, कारण रामभाऊंकडे फोन नव्हता. ते रजेचा अर्धा दिवस टाकून दोन वाजताच येऊन बसले. चप्पल काढली आणि भिंतीला टेकले.

तीन वाजले. वर्ग भरला. बाईंनी पुठ्ठे काढले, खेळ सुरू केला. साडेतीनला फोन वाजला तर शुभांगीचा नवरा, विमानतळावरून. "आई त्या विमानात नव्हत्या." बस्स. एवढंच बोलून त्याचं फोनचं कार्ड संपलं.

रामभाऊंनी बाईंकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाईंनी वर्ग सोडून दिला. सगळे गेले, रामभाऊ आणि मी राहिलो. त्या स्वयंपाकघरात गेल्या म्हणून मी मागोमाग गेले, तर ओट्याला धरून उभ्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कशाला धरून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"लेलेबाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही विमानात बसलायत कधी?"

"नाही हो."

"मीही नाही. आत्ता माझ्या लक्षात आलं. आपण गावाला जातो तेव्हा एसटीवर पाटी कसली असते? महाराष्ट्र लिहितात का? गावाचं नाव लिहितात. विमानालाही तसंच असणार. आपण तिला देश शिकवला. ती डेन्मार्कची पाटी शोधत बसली असेल आणि ती पाटी तिथे नसेलच."

पाट्या मीच लिहिल्या होत्या. सात आठवडे, चांगल्या वळणदार अक्षरात. तिकिटावर कोपनहेगन लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. एकोणतीस वर्षं मी लोकांना गावोगावचे फोन जोडून दिले, आणि ही अक्कल!

"कुणाच्या जोरावर पाठवलं मी तिला?" बाई म्हणाल्या. "तिला काही झालं तर या माणसाला मी तोंड कसं दाखवू?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुम्ही तरी हे देशांचं एवढं मनावर का घेतलंत?"

त्या म्हणाल्या, "मी इथे राहायला आले तेव्हा तुम्ही जिन्यात मला पहिला प्रश्न काय विचारला होतात, आठवतं?"

आठवत होतं. विचारल्या क्षणापासून आठवत होतं. मी विचारलं होतं, "गायकवाड म्हणजे तुम्ही नक्की कुठले?"

"मी चिडून नाही म्हणत," बाई म्हणाल्या. "सगळेच विचारतात. माझे वडील रेल्वेत खलाशी होते. गावी गेलं की कुणीतरी विचारायचं, कुठले तुम्ही? वडील खरं सांगायचे. सांगितलं की पुढे केलेला तांब्या मागे जायचा. मी लहान होते, पण तो मागे जाणारा तांब्या मला दिसायचा. म्हणून मला व्हेअर आर यू फ्रॉम शिकवायला फार आवडतं. त्याचं उत्तर फक्त इंडिया. ते दिलं की संपलं. पुढे कुणी काही विचारत नाही."

मला लाज वाटली. तसं मी त्यांना म्हटलंसुद्धा. "मला माफ करा बाई, मी मूर्खासारखं विचारलं होतं." त्या म्हणाल्या, "माहितीये मला. मूर्खपणा नसता, मनात खोट असती, तर मी तुम्हाला जपान केलं नसतं." आणि डोळे पुसून चहाचं आधण ठेवलं.

चहा कुणीच प्यायलं नाही. साडेपाच झाले. सहाला पाच कमी असताना फोन वाजला. रामभाऊंनी उचलला आणि नुसतेच "हो... हो..." करत राहिले. मग एकदम खाली बसले आणि रिसीव्हर बाईंकडे धरला. "पोचली," म्हणाले. "शुभांगीपाशी हाय."

बाईंनी फोन कानाला लावला आणि मी निर्लज्जपणे माझा कान त्याला चिकटवला. विमल बोलत होती, आणि चक्क मोठ्याने बोलत होती. जर्मनीत पासपोर्टवाल्याने तिला प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली, "लेलेबाईपेक्षा लय सोपा माणूस होता जी तो." मग ती डेन्मार्कची पाटी शोधत फिरली. पाटी नव्हतीच. एका बाकावर बसून राहिली. समोरची माणसं उठून गेली, दार बंद झालं, तेव्हा कळलं की काहीतरी चुकलं. "मंग मी वर्गावानी केलं," विमल म्हणाली. पर्समधला पुठ्ठा काढला, उंच धरला आणि एकेका बाकापुढे उभी राहून विचारत सुटली, "व्हेअर आर यू फ्रॉम? डेन्मार्क?" कुणी मान हलवली, कुणी हसलं, एकाने पैसे पुढे केले ते तिने परत केले. सोळाव्या की सतराव्या माणसानंतर एक पांढऱ्या केसांची म्हातारी उठली आणि म्हणाली, "येस. डेन्मार्क." तिने हिचं तिकीट पाहिलं, हात धरला, खिडकीपाशी नेऊन भांडून पुढच्या विमानात बसवलं आणि शेजारी बसून घेऊन गेली. "सारा रस्ता थे मले पुठ्ठ्याच्या मागचं इचारत होती. कोनाचं लगन हाय म्हने."

बाई हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या, रडता रडता फोनमध्ये म्हणाल्या, "व्हेरी गुड, विमल. व्हेरी व्हेरी गुड." मग मराठीत म्हणाल्या, "चूक माझी होती हो. पाटी मी चुकीची शिकवली."

पलीकडून विमल म्हणाली, "असू द्या ना बाई. इचारायचं तर बरोबर शिकवलं."

फोन ठेवल्यावर रामभाऊ गोळा केलेल्या पुठ्ठ्यांजवळ गेले. एक उचलला, उलटासुलटा केला, नाव वाचायचा प्रयत्न केला आणि बाईंना म्हणाले, "मार्चमधी कारखान्याची रजा साठते माझी. नात का नातू, पाहाले जावं म्हन्तो. मले घेता का वर्गात?"

"तीन वाजता," बाई म्हणाल्या. "उशीर चालणार नाही."

नात झाली. त्यानंतर महिन्याभराने मी बिबवेवाडी सोडली. माझा मुलगा हिंजवडीला लागला होता, त्याला कंपनीची बस सोयीची पडावी म्हणून बाणेरला जागा घेतली. पुढे फोनवर बोलणं होत राहिलं, पण दोन वर्षांनी बाई झोपेतच गेल्या आणि मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यामुळे त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सामान हलवलं त्या दुपारी.

टेम्पो फाटकाशी उभा होता. पार्किंगमध्ये विमानतळ चालू होता. खांबांवर नव्या पाट्या, देशाच्या खाली गावाचं नाव, कुणा दुसऱ्याच्या बेताच्या अक्षरात. माझ्या जागी टेबलामागे बाई स्वतः बसलेल्या. रामभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत पहिले. मी निरोप घ्यायला जवळ गेले तर बाईंनी मान वर न करता हाताने खूण केली, रांगेतून या. आली पंचाईत! गेले रांगेतून. माझा नंबर आला.

"व्हेअर आर यू गोइंग?"

"बाणेर," मी म्हटलं.

बाईंनी घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज एकतीस वर्षांच्या नोकरीचा होता. "बाणेर इज नॉट अ कंट्री. मागे जाऊन उभ्या राहा."

मी मुकाट्याने मागे जाऊन उभी राहिले. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, मी त्याला हाताने थांब म्हटलं. पुढे रामभाऊ बॅग ओढत चुकीच्या खांबाकडे निघाले होते आणि बाई टेबलामागून उठून त्यांना ओरडून सांगत होत्या, "विचारा, रामभाऊ, कुणाला तरी विचारा!"